उत्साह : रोख आणि उधार

उत्साह ही एक अशी चीज आहे की ती आपल्याजवळ नसली म्हणजे शेजाऱ्याकडे फार दिसते. पहाटे साडेपाचला समोरच्या बिल्डिंगमधल्या गॅलरीत दिवा लागतो, कुणीतरी मोठ्यानं घसा खाकरतं, आणि पांघरुणातल्या पांघरुणात आपण म्हणतो, 'काय बाई उत्साह तरी!' या उद्गारात कौतुक चार आणे असतं आणि चीड बारा आणे.

पुण्यात तर उत्साह ही खाजगी बाब राहिलेलीच नाही. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, सारसबाग, कुठेही जा. पहाटे माणसं हात झुलवत, टाळ्या वाजवत, उलटी चालत, आणि काही ठिकाणी तर रांगेत उभी राहून खदाखदा हसत असतात. विनोद कुणीच केलेला नसतो. बरं, उत्साहाबद्दल सल्ला द्यायला या गावात पदवी लागत नाही. भाजीवाल्यापाशी 'जरा थकल्यासारखं वाटतंय' एवढं म्हणायचा अवकाश, की मागच्या रांगेतल्या बाई मेथीची जुडी हातात धरूनच सांगतात, 'पहाटे कोमट पाणी. आणि मन! मन प्रसन्न ठेवायचं. सगळं मनावर असतं हो!'

सगळं मनावर असतं, हे मी गेली चाळीस वर्षं ऐकते आहे. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मला त्याच्या अलीकडचा एक प्रश्न पडतो. हा उत्साह येतो तो नेमका कुठून? आणि तो आपल्याकडे येतो तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तरी जातो का?

प्रश्न तत्त्वज्ञानातला वाटेल, पण मला तो आमच्या फ्रिजवर सापडला.

आमचे हे बँकेत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीत होते तोवर ह्यांचा उत्साह बँकेच्या ताब्यात होता, म्हणजे तो कुणालाच दिसत नसे. निवृत्त झाल्यावर तो थकबाकीसह घरी आला. पहिल्याच महिन्यात ह्यांनी एक कागद सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर लावला. वर ठळक मथळा होता, 'दिनचर्या'. खाली ओळीनं लिहिलं होतं : लिंबू पिळून कोमट पाणी घेणे. भिजवलेले बदाम (सात, सोललेले) खाणे. पर्वती चढणे. मोड आलेली मटकी खाणे. बारा वाजता गरम जेवणे. शतपावली घालणे. वामकुक्षी घेणे. आणि असं करत करत रात्रीच्या हळदीच्या दुधापर्यंत.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे कुठलाही मजकूर दिसला की मी आधी त्याचा कर्ता शोधते. या कागदावर क्रियापदं अकरा होती. कर्ता एकही नव्हता. बदाम खाणारा कोण हे कळत होतं. पण खाण्याआधी ते आदल्या रात्री भिजवावे लागतात आणि सकाळी सोलावे लागतात. मटकीला मोड आपोआप येतात हे खरं, पण फडक्यात बांधून ठेवायला ती काही स्वतः जात नाही. बारा वाजता गरम जेवण्यासाठी साडेअकराला कुणीतरी गॅसपाशी उभं असावं लागतं. ह्यांच्या उत्साहाच्या अकरा कलमांपैकी आठ कलमांत एक अदृश्य बाई काम करत होती. ती बाई मला ओळखीची वाटली.

भाषेतलं म्हणाल तर गंमत तिथेच संपत नाही. पुरुष घरात पाऊल टाकता टाकता म्हणतो, 'दमलो!' सरळ कर्तरी प्रयोग, ठसठशीत. बाई काय म्हणते? 'जरा दमायला होतं.' जसं काही उजाडतं, अंधारतं, मळमळतं, तसं हे दमणंही कुठूनतरी आपलं आपण होतं. त्याला ना कर्ता, ना तक्रार. पुरुषाचा थकवा हा मालकीहक्काचा असतो, बाईचा हवामानासारखा.

आमच्या कट्ट्यावर उत्साहाबद्दल दोन पंथ आहेत. खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते मुदतठेववाले. माणसाला जन्मतः शक्तीची एक ठराविक रक्कम मिळते, ती जपून वापरली तर शेवटपर्यंत पुरते, असं त्यांचं मत. त्यामुळे ते जिना चढत नाहीत, पिशवी उचलत नाहीत आणि पत्नीनं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. 'दुसऱ्यांदा मारली तरच ते काम खरं,' असं सांगतात. आमचे हे बँकेतले असूनही विहिरीच्या पंथाचे आहेत. विहीर उपसावी तसं पाणी येतं, न उपसलेल्या विहिरीला शेवाळ धरतं, असं ह्यांचं म्हणणं.

दोघांच्या वादात वरच्या मजल्यावरचे मुख्याध्यापक पडले की ते हमखास अण्णासाहेब कर्व्यांना मध्ये आणतात. आणि पुण्यात राहून तिथे कुणी हार मानली नाही तरच नवल. कारण उत्साहाचा एवढा मोठा पुरावा या गावात दुसरा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन गेले. १८७५ मध्ये परीक्षेला बसायला म्हणून कोकणातल्या मुरूडहून ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे परीक्षकांनी 'हा फारच लहान दिसतो' म्हणून बसूच दिलं नाही. तसेच परत आले. आजच्या मुलाला परीक्षेचं केंद्र दोन बस बदलून जावं लागेल असं आलं तर त्याचे आईवडील अर्ज करतात. पुढे फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवायचे आणि शिकवून झालं की हिंगण्याला जायचे, विधवा मुलींच्या आश्रमात. वाट चिखलाची आणि काट्यांची होती, आणि ती ते पायी तुडवायचे. आज त्याच भागाला कर्वेनगर म्हणतात, आणि तिथून फर्ग्युसनला जायचं तर आपण रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यातच निम्मा उत्साह घालवतो. १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते जगाच्या प्रवासाला निघाले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवं मंडळ काढलं. शहाऐंशीव्या वर्षी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं.

मुख्याध्यापक हे सगळं एका दमात सांगतात आणि मग कट्ट्यावरच्या सगळ्यांकडे, विशेषतः इंजिनिअरांकडे, असं बघतात की त्यांनी तिथल्या तिथे उठून साताऱ्याला निघावं.

मला कर्व्यांच्या गोष्टीत वेगळंच दिसतं. हिंगण्याची ती वाट त्यांनी प्रकृतीसाठी तुडवलेली नव्हती. पलीकडे मुली होत्या म्हणून ते चालत होते. वाटेच्या टोकाला कुणीतरी आपली वाट बघतंय हे माहीत असलं की पाय चालतात, हा अनुभव काही महर्षींनाच येतो असं नाही. रेशनच्या रांगेत जिचे पाय अर्ध्या तासात भरून येतात, तीच बाई नातवाच्या गॅदरिंगला तीन तास उभी राहते. घरी येऊन 'दमायला झालं' म्हणते आणि लगेच पोरानं नाच कसा केला ते करूनही दाखवते. मनाचा भाग असतो तो एवढा, आणि तो खराच असतो. पण आपण त्याचा अर्थ उलटा लावतो. आधी मन प्रसन्न करायचं आणि मग कामाला लागायचं, असं आपण धरून चालतो. कर्व्यांचा क्रम बहुधा दुसरा असावा. काम समोर होतं, त्याच्यामागून पाय गेले आणि पायांच्या मागून मन.

पण मी म्हटलं ना, मला कर्त्याची सवय आहे. अण्णासाहेबांनी 'आत्मवृत्त' लिहिलं, तसं त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, 'माझे पुराण' लिहिलं. त्या स्वतः बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या, आणि १८९३ साली त्यांचं अण्णांशी लग्न झालं तेव्हा केवढा गहजब झाला! अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. महर्षींना हे शोभून दिसतं. पण संध्याकाळी घरात किती तांदूळ आहेत हे महर्षींच्या पत्नीला बघावं लागतं. बायांनी ते बघितलं, मुलं वाढवली, आणि वर आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. हे सांगून अण्णासाहेबांचा उत्साह कमी करायचा नाही मला. त्यांनी तो स्वतःवर खर्चच केला नाही, हीच तर त्यांची थोरवी. मला एवढंच म्हणायचंय की विहिरीत पाणी दिसतं तेव्हा झरा कुठला आहे तेही बघावं. आणि शेजारच्यानं खोल बोअर मारलं की आपल्या विहिरीचा तळ दिसायला लागतो, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तर सांगायलाच नको. विहिरीच्या पंथाचे लोक तेवढं एक सोयीनं विसरतात.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमचा विसाव्यालाच विरोध दिसतो. मुळीच नाही. मी जन्मानं आणि मतानं पुणेरी आहे, आणि दुपारी एक ते चार हा काळ माझ्या दृष्टीनं संस्कृतीचा भाग आहे. २०१७ साली चितळे बंधूंनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा ती बातमी देशभरच्या पेपरांत आली. एका मिठाईच्या दुकानानं न झोपण्याची बातमी व्हावी, असं गाव जगात दुसरं नसेल. आणि दुपारची झोप हा काही आळशांचा शोध नाही. जेवण असो वा नसो, दुपारी शरीराची ओहोटी असतेच. तेव्हा वीस मिनिटं डोळा लागला तर माणूस तरतरीत उठतो. दोन तास लागला तर उठल्यावर सकाळ की संध्याकाळ हे त्याला विचारून घ्यावं लागतं. आपल्या आयुर्वेदानंही उन्हाळ्यात, रात्री लहान असतात म्हणून, दिवसा झोपायची मुभा दिली आहे. आणि सकाळचं ऊन अंगावर घेतलं की शरीराचं घड्याळ लागतं, रात्री वेळेवर झोप येते. जेवणानंतर चार पावलं चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. म्हणजे ह्यांच्या कागदावरची एकूण एक कलमं बरोबर होती. माझी हरकत फक्त व्याकरणाची होती.

वामकुक्षीचंच घ्या. 'हे' डाव्या कुशीवर होतात, तेव्हा घरात भांड्याचा आवाज होऊ द्यायचा नसतो. भांडी आपण होऊन घासली जात नाहीत, आणि घासताना ती आवाज करतात. म्हणजे एकाच्या वामकुक्षीसाठी दुसरीनं भांडी चोरपावलांनी घासायची. शांतता हीसुद्धा कुणीतरी करावी लागते.

याच शहरात बी. के. एस. अय्यंगार होऊन गेले. १९३७ साली, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना ते पुण्यात आले. लहानपण सगळं दुखण्यात गेलेलं, छाती भरलेली नाही, अंगात बळ नाही. त्या माणसानं पुढे सगळ्या जगाला योगासनं शिकवली आणि २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी या जगाचा निरोप घेतला. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासूनची आहे. अय्यंगारांची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आसनांसाठी आणलेली साधनं. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली लाकडी वीट ठेवायची. ज्याला पाय धरता येत नाही त्याला पट्टा द्यायचा. दोर, खुर्ची, लोड, घडी केलेलं कांबळं. म्हणजे अशक्त माणसाला 'मन घट्ट कर' एवढंच सांगून ते थांबले नाहीत. त्याला आधार दिला. आणि दिलेला आधार लपवलाही नाही. वीट सगळ्यांना दिसेल अशी हाताखाली असते.

घरातल्या आधाराचं तसं नसतं. योगवर्गात वीट असते, पट्टा असतो, दोर असतो. घरात या सगळ्यांना मिळून एकच नाव असतं : 'अगं!'

हे माझं एकटीचं रडगाणं असतं तर मी ते फोनवर बहिणीला ऐकवून मोकळी झाले असते. पण सरकारनंच हिशेब मांडला आहे. २०१९ साली देशभर माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात याची मोठी पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. दोनशे नव्व्याण्णव म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. ते एक मिनिट बहुधा दम खायला ठेवलेलं असावं. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बायकांची मिनिटं २८९ झाली. मी म्हटलं, वा, पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! मग पुढचा रकाना बघितला. पुरुषांची ९७ ची ८८ झाली होती. बायकांची दहा मिनिटं वाचताहेत असं दिसताच पुरुषांनीही तत्परतेनं नऊ वाचवून घेतली. असा उत्साह बाकी कुठल्या राष्ट्रीय कार्यात दिसत नाही.

इथपर्यंत मी वकिलीण होते. आता साक्षीदार म्हणून सांगते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मला ताई म्हणतात आणि ह्यांना काका. त्यामुळे माझं आणि ह्यांचं नातं काय, हा प्रश्न आमच्या घरात बरीच वर्षं प्रलंबित आहे. मावशी राहतात जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावरच. हे रोज सकाळी १०३ पायऱ्या चढून वर जातात. मावशी त्याच सुमाराला त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगानं खाली येतात. ह्यांच्या चढण्याला व्यायाम म्हणतात. मावशींच्या उतरण्याला कामाला जाणं म्हणतात.

एकदा हे खुर्चीत बसून मोबाइलमधली पावलं मोजत होते. सहा हजार दोनशे. ह्यांनी तो आकडा मला दाखवला, बाल्कनीतून इंजिनिअरांना ओरडून सांगितला, आणि पुसायचं फडकं हातात घेऊन उभ्या असलेल्या मावशींनाही दाखवला. मावशींनी विचारलं, "काका, हे माझं पण मोजतं का?"

ह्यांना प्रयोगाचा भारी हुरूप. जुना मोबाइल काढला, चार्ज केला, आणि मावशींनी तो कमरेच्या बटव्यात टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आणून दिला. पाच घरं, नऊ जिने, येणंजाणं, आणि घरी गेल्यावरचं पाणी भरणं. आकडा होता सतरा हजार चारशे. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फोन बिघडलाय."

फोन बिघडलेला नव्हता. मावशी मात्र त्या आकड्यानं खूश झाल्या नाहीत. त्यांनी जे विचारलं त्याला आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं. "काका म्हणतात, चाललं की ताकद येते. मग मला एवढं चालून चक्कर का येते?"

त्या दिवसापासून 'सगळं मनावर असतं' हे वाक्य माझ्या तोंडून फुटत नाही. मी मावशींना घेऊन दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. बाईच्या अंगात हिमोग्लोबिन निदान बारा हवं, त्यांचं होतं आठ पूर्णांक चार. डॉक्टरीणबाईंना त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला होता. पुरुषांत २५ जणांना. म्हणजे 'बायकांना हल्ली उत्साहच नसतो' असं म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्या रक्तातलं लोह मोजावं, मन नंतर बघावं. ते रक्तात नसलं तर माणूस कितीही सकारात्मक विचार करो, जिना चढताना धाप लागायची ती लागतेच. कोमट पाण्यानं ती भरून निघत नाही.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. वर सांगितलं, जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा घ्या, त्यानं लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्यानं ते लागत नाही. चहा सोडायला सांगितल्यावर मावशींचा चेहरा पडला. कारण चहा ही आपल्याकडे उत्साहाची सरकारमान्य गोळी आहे. पण त्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या. अडीच-तीन महिन्यांनी चक्कर थांबली. शिवाय पाच घरांपैकी चार घरांनी मिळून त्यांना आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायचं कबूल केलं. पाचव्या घरानं 'आमच्याकडे काम असं काही नसतंच' असं उत्तर दिलं. ज्या घरात काम असं काही नसतं तिथे मावशींना सर्वांत जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

सुट्टीच्या दिवशी काय करता, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काय नाय. बसते." आणि हसल्या. इतकं उत्साहानं केलेलं बसणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

मला जे वाटतं ते एवढंच. उत्साह कमावण्यात पाप नाही. बदाम खावेत, टेकडी चढावी, वेळेवर झोपावं, मनात चांगलं आणावं. पण ज्याला त्याला आपला उत्साह आपल्या मनगटाचा वाटतो, तिथे गल्लत होते. त्यातला थोडा रोखीचा असतो आणि बराचसा उधारीचा. बायकोकडून, आईकडून, मावशींकडून, पहाटे अंधारात दूध टाकून जाणाऱ्या पोराकडून आपण तो उचललेला असतो. माझ्याही उधारीच्या वहीत मावशींचं नाव आहे. हा लेख मी निवांत लिहिते आहे, तो ओटा कुणीतरी आवरला आहे म्हणून. उधारी असू नये असं नाही, उधारीशिवाय संसार कुणाचा चाललाय? पण ती वहीत मांडलेली असावी आणि जमेल तशी फेडावी. सकाळी उठल्यावर 'आज मला कसं वाटतंय?' हे मनाला विचारावं, आणि लगोलग 'आज माझ्यामुळे कुणाला कसं वाटणार आहे?' हेही विचारावं. या दुसऱ्या प्रश्नाला पैसे पडत नाहीत आणि टेकडीही चढावी लागत नाही. तरी पहिल्यापेक्षा तो अवघड जातो खरा.

फ्रिजवरच्या कागदाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मी भांडले नाही. तीस वर्षांच्या सवयीनं लाल पेन घेतलं आणि प्रत्येक क्रियापदापुढे रेघ ओढून समासात लिहिलं, 'कर्ता लिहा.' दोन दिवस हे त्या कागदाला वळसा घालून पाणी पीत होते. तिसऱ्या दिवशी 'बदाम भिजवणे' आणि 'सोलणे' यांच्यापुढे ह्यांच्या अक्षरात 'मी' आलं. मग मटकीपुढे आलं. दुपारची भांडी आता वामकुक्षीच्या आधी ह्यांच्याच हातून घासली जातात, आणि घासताना जो आवाज होतो तो कुणाच्याही झोपेच्या आड येत नाही. भांडी घासताना पावलं फारशी मोजली जात नाहीत, ही ह्यांची एकच तक्रार आहे.

अकरा कलमांपैकी सात कलमांना कर्ता मिळाला आहे. राहिलेल्या चारांपुढे रेघ रिकामी आहे. विचारलं की हे म्हणतात, "उत्साह येण्याची वाट बघणे चालू आहे."

वाक्य शुद्ध आहे. कर्ता अध्याहृत.